घारापुरीचा दिवा



आज आपण एका दिव्याची गोष्ट वाचू. हा दिवा आपल्याच रायगड जिल्ह्यातला आहे.

उरण तालुक्यात घारापुरी नावाचे बेट आहे. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये हिरवा डोंगर. डोंगराच्या पोटात शंकराची कोरीव लेणी आहेत. १९८७ साली युनेस्को या संस्थेने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. ती पाहायला देशोदेशीची माणसे लाँचने येतात आणि संध्याकाळी परत जातात.

लेणी जगाला ठाऊक आहेत. पण बेटावर माणसेही राहतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या तिथे आहेत. कोणी पाहुण्यांना वस्तू विकतो, कोणी मासे धरतो, कोणी होडी चालवतो.

देश १९४७ साली स्वतंत्र झाला. त्यानंतर सत्तर वर्षे या तीन वस्त्यांना विजेची तार नव्हती. समोर मुंबई रात्रभर झगमगायची. दुसऱ्या बाजूला न्हावा-शेव्याच्या बंदराचे दिवे पेटलेले असायचे. मध्ये घारापुरी अंधारात.

आम्ही एकदा लाँचने तिथे गेलो. पायऱ्यांच्या कडेला एक आजी काकड्या आणि कैऱ्या विकत बसल्या होत्या. शेजारी त्यांचा नातू पुस्तक घेऊन बसला होता.

आम्ही विचारले, "आजी, वीज नव्हती तेव्हा कसं करायचात?"

आजी हसल्या. म्हणाल्या, "काय करणार बाबांनो? डिझेलचं इंजिन होतं. संध्याकाळी लावायचे. तीनेक तास दिवे जळायचे. इंजिन थांबलं की अख्खं बेट काळोखात. मग आपली चिमणी नाहीतर मेणबत्ती. पोरं अभ्यासाला बसली की निम्म्यात अंधार. रात्री कोणाला काही चावलं, तर हातात बॅटरी धरून होडी काढायची."

"आणि आता?"

"आता बटण दाबलं की उजेड. समुद्राखालून तार आली ना!"

तेवढ्यात नातू म्हणाला, "काका, वीज समुद्राखालून येते, हे मला ठाऊक आहे. पण ती तयार कुठं होते?"

पोराने प्रश्न मोठा विचारला. आजचा धडा त्याच प्रश्नाचा आहे.

वीज बेटावर कशी आली?

महावितरण ही आपल्या राज्याची वीज पुरवणारी सरकारी कंपनी. तिने मुख्य जमिनीपासून घारापुरीपर्यंत समुद्राच्या तळातून जाड केबल टाकली. केबलची लांबी साडेसात किलोमीटर. खर्च सुमारे २५ कोटी रुपये. काम पंधरा महिने चालले. फेब्रुवारी २०१८ मध्ये बेटावर कायमची वीज आली.

केबल म्हणजे नुसती तार नव्हे. आत धातूच्या तारा असतात. त्यांच्यावर वीज बाहेर न सोडणारे आवरण असते. पाणी आत जाऊ नये आणि धक्का लागू नये म्हणून त्यावर आणखी मजबूत आवरणे असतात.

या केबलमधून २२ हजार व्होल्ट दाबाने वीज येते. आपल्या घरात लागते ती २३० व्होल्टची. मग एवढा दाब कशाला? लांबच्या वाटेवर विजेचा काही भाग तारेतच उष्णता होऊन वाया जातो. दाब जास्त ठेवला की ही गळती कमी होते. म्हणून वीज मोठ्या दाबाने आणतात. गावात आली की रोहित्र, म्हणजे आपण ज्याला डी.पी. किंवा ट्रान्सफॉर्मर म्हणतो, ते दाब उतरवते. मग ती आपल्या दिव्यात, पंख्यात जाते.

इंजिनाची धडधड थांबली, धूर थांबला, डिझेलचे पिंप होडीतून आणण्याची यातायात गेली. मुलांना रात्री अभ्यास करता येऊ लागला. हे फार मोठे काम झाले.

पण नातवाचा प्रश्न राहिलाच. तार ही वाट आहे. वाटेने माल येतो, पण माल पिकतो दुसरीकडे. वीज कुठे पिकते?

एक तळे, अनेक ओढे

एक मोठे तळे डोळ्यांपुढे आणा. त्याला अनेक ओढे मिळतात. एका ओढ्याचे पाणी स्वच्छ, दुसऱ्याचे गढूळ. तळ्यात सगळे एकत्र होते. आपण घागर भरली, तर तिच्यातले पाणी कोणत्या ओढ्याचे हे सांगता येत नाही.

विजेचेही तसेच आहे. राज्यातली वीज केंद्रे तारांच्या एका जाळ्याला जोडलेली आहेत. त्या जाळ्याला ग्रीड म्हणतात. घारापुरीचा दिवा या ग्रीडवर जळतो. तुमचा-आमचाही त्याच ग्रीडवर जळतो.

या तळ्यातला सर्वांत मोठा ओढा कोळशाचा आहे. चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणी मोठी वीज केंद्रे आहेत. तिथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. वाफेच्या जोराने मोठे चक्र फिरते आणि त्याला जोडलेल्या यंत्रातून वीज निघते. घारापुरीसमोर ट्रॉम्बेला उंच धुराडी दिसतात, तेही असेच वीज केंद्र. उरणजवळ बोकडवीरा येथे नैसर्गिक वायू जाळून वीज करतात. वायूपासून होणारे प्रदूषण कोळशापेक्षा पुष्कळ कमी, पण तेही जाळणेच.

आपल्या देशात तयार होणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून बरीच जास्त वीज अजून कोळशाची आहे.

म्हणजे काय झाले? इंजिनाचा धूर घारापुरीवरून गेला. पण तो जगातून गेला नाही. तो लांबच्या धुराड्यावर गेला. आपल्या डोळ्यांआड झाला, इतकेच.

डोळ्यांना न दिसणारा वायू

कोणी म्हणेल, "लांबचा धूर लांब राहिला. आपलं काय बिघडलं?"

नीट पाहू. कोळसा, डिझेल, रॉकेल जाळले की काळा धूर दिसतो. त्याच्यासोबत एक वायू निघतो, तो दिसत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. त्याचे नाव कर्बवायू. शाळेच्या पुस्तकात त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात.

हा वायू विषारी म्हणून वाईट, असे नाही. आपल्या श्वासातूनही तो बाहेर पडतो. झाडे तो घेऊनच वाढतात. थंडीत आपण गोधडी घेतो, तशी या वायूची गोधडी पृथ्वीवर आहे. ती मुळीच नसती तर पृथ्वी गारठली असती. पण एकावर एक दहा गोधड्या टाकल्या तर? अंगाची काहिली होईल. गेली दीडशे-दोनशे वर्षे माणूस कोळसा आणि तेल जाळतो आहे. गोधडी जाड होत चालली आहे.

किती वायू निघतो, त्याचा हिशेब सोपा आहे. कोळशावर एक युनिट वीज केली, की सुमारे एक किलो कर्बवायू हवेत जातो. एक लिटर डिझेल जाळले, की अडीच किलोहून जास्त जातो.

इथे कोणी विचारील, "एक लिटर डिझेलचं वजन किलोभरसुद्धा नाही. मग वायू अडीच किलो कसा?" शंका बरोबर आहे. लोखंडाला गंज चढला की त्याचे वजन वाढते, कारण हवेतला प्राणवायू त्याला चिकटतो. जळतानाही तसेच होते. तेलातला कर्ब हवेतला प्राणवायू घेतो. म्हणून वजन वाढते.

समुद्र वर येतो

पृथ्वी तापली की दोन गोष्टी होतात. डोंगरांवरचे आणि ध्रुवांकडचे बर्फ वितळून पाणी समुद्रात येते. शिवाय पाणी तापले की फुगते. भांड्यात काठोकाठ पाणी भरून चुलीवर ठेवा. उकळी येण्याआधीच थोडे बाहेर सांडेल. समुद्राचेही तसेच.

१९०१ ते २०१८ या काळात जगातला समुद्र सरासरी २० सेंटिमीटर वर आला, असे शास्त्रज्ञांनी मोजून सांगितले आहे. २० सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक वीत.

एक वीत म्हणजे काय, हे रायगडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. पेण, अलिबाग, उरणची खारी शेते डोळ्यांपुढे आणा. आपल्या आजे-पणजांनी खाजणात बांध घातले. बाहेरचे पाणी बाहेर ठेवले आणि आत भात पिकवला. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला दर्या बांधाच्या माथ्याशी येतो. तेव्हा एक वीत म्हणजे सगळे काही. एक वीत कमी, तर पीक वाचले. एक वीत जास्त, तर पाणी बांधावरून आले, बाहेरकाठ्याला खांड पडली, खारे पाणी शेतात शिरले. मग दोन-तीन वर्षे तिथे नीट पीक येत नाही.

खांडी पडायला दुसरी कारणेही असतात. बांधाची डागडुजी होत नाही. खेकडे बांध पोखरतात. खाडीत भराव पडतो आणि पाण्याची वाट बदलते. सगळा दोष तापलेल्या समुद्राला देणे बरोबर नाही. पण समुद्र वर आला की दुबळा बांध आधी फुटतो, हे खरे.

वादळांचेही पाहा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला आपल्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. घरांची छपरे उडाली. विजेचे खांब मोडले. कित्येक गावे अनेक दिवस, काही तर आठवडे अंधारात होती. एखादे वादळ कशामुळे आले, हे एका कारणाने सांगता येत नाही. पण अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यामुळे तीव्र वादळे वाढत आहेत, असे हवामानशास्त्रज्ञ सांगतात.

तेव्हा लांबचा धूर लांब राहत नाही. तो उधाण होऊन आपल्या बांधावर येतो. वादळ होऊन आपल्या छपरावर येतो.

मग काय, दिवा विझवायचा? नाही. सत्तर वर्षे अंधारात राहिलेल्या आजीला असे कोणी सांगू नये. दिवा हवाच. तो न जाळता कसा लावायचा, एवढेच शोधायचे.

आपल्याच घाटाचे पाणी

यासाठी फार लांब जायला नको. रायगड जिल्ह्यात हे काम शंभर वर्षांपूर्वीच झाले आहे.

लोणावळ्याच्या माथ्यावर पाऊस धो-धो पडतो. टाटांच्या कंपनीने तिथे तलाव बांधून ते पाणी साठवले. तलावातून मोठ्या नळांनी पाणी घाट उतरून खाली खोपोलीला आणले. शेकडो मीटर उंचीवरून येणारे पाणी केवढ्या जोराने येत असेल! त्या जोराने चाक फिरते आणि वीज तयार होते. पाणचक्कीचेच हे मोठे रूप. खोपोलीचे वीज केंद्र १९१५ साली सुरू झाले. त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पुढे १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा ही केंद्रे आली. तिन्ही आपल्याच जिल्ह्यात आहेत आणि आजही चालू आहेत.

या विजेसाठी काही जाळावे लागत नाही. चाक फिरवून झाल्यावर पाणी वाया जात नाही. भिऱ्याचे पाणी कुंडलिका नदीत येते आणि रोह्याकडच्या शेतीला उपयोगी पडते.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधले, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. १९२४ पर्यंत लढा चालला. धरण झालेच आणि गावे बुडाली. म्हणजे धूर नसलेली वीजसुद्धा फुकट येत नाही. तिची किंमत कोणी भरली, हे विचारावे. ती किंमत गरिबाच्या एकट्याच्या माथी पडू नये.

दूरच्या बेटावर आपली माणसे

आता थोडे लांब जाऊ. हिंदी महासागरात मॉरिशस नावाचा बेटांचा देश आहे. एकोणिसाव्या शतकात भारतातून हजारो माणसे करारावर मजूर म्हणून तिकडच्या उसाच्या मळ्यांत गेली. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज तिथे आहेत. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

मॉरिशसची अडचण घारापुरीसारखीच, पण मोठी. तिथे कोळशाची खाण नाही, तेलाची विहीर नाही. सगळे जहाजातून विकत आणावे लागते. जगात तेलाचा भाव चढला की त्यांच्या घरातली वीज महागते. आणि बेट असल्यामुळे चढत्या समुद्राची भीतीही त्यांनाच जास्त.

त्या देशाने आपल्याजवळ काय आहे ते पाहिले. त्यांच्याजवळ ऊस होता. रस काढल्यावर चिपाड उरते. कारखान्यात ते जाळून साखर करतात आणि वीजही काढतात. आपल्याकडे कोल्हापूर, सांगली भागातले साखर कारखानेही अशी वीज करतात.

कोणी म्हणेल, "चिपाड जाळलं तरी कर्बवायू निघतोच की!" निघतो. पण तो वायू उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. पुढच्या वर्षी नवा ऊस वाढतो आणि तो वायू पुन्हा घेतो. हा उसना व्यवहार आहे. घेतले तेवढे परत केले. कोळशाचे तसे नाही. लाखो-कोटी वर्षे जमिनीत गाडलेला कर्ब आपण उकरून हवेत सोडतो. तो परत घ्यायला तेवढी झाडे नाहीत.

मॉरिशसचे सगळे काम झालेले नाही. उसाचा हंगाम संपला की त्याच भट्ट्यांत कोळसा जाळावा लागतो. अजून तिथली निम्म्याहून अधिक वीज तेलाची आणि कोळशाची आहे. म्हणून त्यांनी सौर पॅनेलची आणि पवनचक्क्यांची केंद्रेही उभारली. २०३० सालापर्यंत ६० टक्के वीज ऊन, वारा, पाणी आणि चिपाड यांतून काढायची आणि कोळसा बंद करायचा, असे तिथल्या सरकारने २०२१ साली जाहीर केले. ते किती साधते, हे पुढे दिसेल. पण त्यांची रीत घेण्यासारखी आहे. आधी आपल्या अंगणात काय आहे ते बघितले, मग बाजाराकडे पाहिले.

आपल्या छपरावरचे ऊन

आपल्या अंगणात काय आहे? ऊन आहे. पावसाळ्याचे चार महिने सोडले, तर भरपूर आहे.

सूर्याच्या उजेडापासून थेट वीज करणाऱ्या काचेच्या पाट्या असतात. त्यांना सौर पॅनेल म्हणतात. एक किलोवॅटच्या पॅनेलना सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते. त्यांपासून वर्षाची सरासरी धरली, तर दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त.

आता घराचा हिशेब करू. एक हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होते.

चार एल.ई.डी. दिवे, प्रत्येकी ९ वॅट, पाच तास: १८० वॅट-तास.
दोन जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, दहा तास: १,५०० वॅट-तास.
एक टी.व्ही., ६० वॅट, चार तास: २४० वॅट-तास.

एकूण १,९२० वॅट-तास. म्हणजे दिवसाला जवळजवळ दोन युनिट. एवढ्या घराला एक किलोवॅटची पॅनेल पुरून उरतील.

या हिशेबात एक गंमत दिसते. सगळ्यात जास्त वीज दिवे खात नाहीत, पंखे खातात. कमी वीज खाणारे नवे पंखे आता मिळतात. त्यांना बी.एल.डी.सी. पंखे म्हणतात. ते सुमारे ३० वॅटवर चालतात. दोन पंखे बदलले, की १,५०० चे ६०० होतात आणि घराचा खर्च दिवसाला एका युनिटवर येतो. पॅनेल बसवायच्या आधीच निम्मी वीज वाचली.

छपरावर पॅनेल बसवणाऱ्यांना मदत देण्यासाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू केली. तिच्यात एका किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अशी मदत ठरवली गेली. नियम बदलत असतात. म्हणून पैसे देण्याआधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन चालू नियम विचारावा.

गावाने मिळूनही हे करता येते. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात मान्याचीवाडी नावाचे छोटे गाव आहे. २०२४ साली ते राज्यातले पहिले सौरग्राम झाले.

घाई करू नका, नीट विचारा

किनाऱ्यावरच्या माणसाने पॅनेल घेताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पहिली गोष्ट खाऱ्या हवेची. आपल्याकडे लोखंड लवकर गंजते. म्हणून पॅनेलची चौकट आणि बोल्ट गंज न चढणारे हवेत. ते लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. निसर्ग वादळात पत्रे कागदासारखे उडाले. पॅनेल मजबूत छपरावर, पक्के बांधून बसवावी. छप्पर दुबळे असेल तर आधी छप्पर नीट करावे.

तिसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. साधी सौर पॅनेल ग्रीडला जोडलेली असतात. दिवसाची जास्तीची वीज ग्रीडमध्ये जाते, रात्री ग्रीडमधून येते, आणि मीटर दोन्ही मोजतो. पण ग्रीडची वीज गेली, की ही पॅनेल ऊन असूनही बंद पडतात. ती मुद्दाम तशी केलेली असतात. का? खांबावर वायरमन दुरुस्तीला चढलेला असतो. तेव्हा आपल्या घराची वीज उलट तारेत गेली, तर त्याचा जीव जाईल. वादळात खांब पडल्यावरही दिवा लागावा असे वाटत असेल, तर बॅटरी आणि ग्रीडपासून वेगळे होणारे यंत्र लागते. त्याला खर्च जास्त येतो. प्रत्येक घराला तो झेपणार नाही. पण दवाखाना, शाळा आणि गावाचा पाण्याचा पंप यांच्यासाठी असे एक यंत्र असावे. ग्रामसभेत हा विषय काढायला हरकत नाही.

एकाने काय होणार?

परतताना आम्ही नातवाला सांगितले, "बाळ, तुझ्या दिव्यातली काही वीज कोळशाची आहे, काही खोपोलीच्या पाण्याची आहे, आणि काही उन्हा-वाऱ्याची आहे. तू मोठा होशील तेव्हा कोळशाची कमी झाली पाहिजे."

आजी म्हणाल्या, "आम्ही एवढीशी माणसं. आमच्या एका दिव्यानं दर्या खाली जाणार आहे का?"

आजींचा प्रश्न खरा होता. एका दिव्याने दर्या खाली जाणार नाही. सगळ्यात जास्त धूर मोठ्या कारखान्यांनी आणि श्रीमंत देशांनी केला. जास्त काम त्यांनीच केले पाहिजे. सरकारने कोळसा कमी करून ऊन, वारा, पाण्याची केंद्रे वाढवली पाहिजेत. हे मागण्याचा आपल्याला हक्क आहे. पण ज्याला हिशेब समजतो, तोच मागू शकतो. म्हणून हा धडा.

आणि खारीच्या बांधाचे काय? तो एकट्याने कधी राखला गेला का? मैलभर बांध सगळा गाव राखतो. आपल्या वाट्याचे दहा हात प्रत्येकाने राखले, तर दर्या बाहेर राहतो. एकाने खांड तशीच सोडली, तर पाणी सगळ्यांच्या शेतात येते. विजेचेही तसेच समजा. आपल्या वाट्याचे दहा हात आपण राखू, आणि ज्यांच्या वाट्याला मैलभर आहे त्यांना त्यांच्या कामाची आठवण देऊ.

आम्ही हे सांगितले तेव्हा आजींनी मान डोलावली. म्हणाल्या, "बांधाचं म्हणता ना, मग कळलं." आणि नातवाला म्हणाल्या, "चल रे, तो दिवसाढवळ्या लावलेला दिवा आधी बंद कर."

शब्दांचे अर्थ

ग्रीड: सगळी वीज केंद्रे आणि गावे जोडणारे तारांचे जाळे.
रोहित्र: विजेचा दाब वाढवणारे किंवा उतरवणारे यंत्र, ट्रान्सफॉर्मर.
युनिट: वीज मोजण्याचे माप. एक हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट.
कर्बवायू: कोळसा, तेल, लाकूड जळल्यावर निघणारा, डोळ्यांना न दिसणारा वायू.
बाहेरकाठा: खाऱ्या जमिनीचा समुद्राकडचा बांध.
खांड: बांधाला पडलेले भगदाड.
चिपाड: रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा.

उत्तरे सांगा

१. घारापुरीत कायमची वीज कोणत्या साली आली? त्याआधी दिवे कशावर जळत होते?
२. इंजिनाचा धूर "जगातून गेला नाही" असे का म्हटले आहे?
३. चिपाड जाळणे आणि कोळसा जाळणे यांत काय फरक आहे?
४. ग्रीडची वीज गेल्यावर साधी सौर पॅनेल का बंद पडतात?

करून पाहा

घरातल्या प्रत्येक विजेच्या वस्तूवर किती वॅट लिहिले आहे ते वाचा. ती रोज किती तास चालते ते लिहा. वर दाखवल्याप्रमाणे हिशेब करा आणि आपल्या वीज बिलाशी ताडून पाहा. जमले नाही, तर पुढच्या वर्गाला बिल घेऊन या. आपण मिळून करू.